घरात टीव्ही असताना रात्रभर दशावतार कशाला?

पुण्या-मुंबईचे पाहुणे हमखास विचारतात, "घरात एवढा मोठा टीव्ही, हव्या त्या सीरिज, आणि तुम्ही थंडीत रात्रभर जत्रेत मांडी घालून बसता?" भाच्याचं म्हणणं त्याच्याही पुढचं. तो मोबाईलवर गेम खेळतो, म्हणजे काहीतरी करतो. मामा आपला नुसता बसून बघतो.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

आमच्या तळकोकणात, वेंगुर्ल्याकडे, कार्तिकापासून जत्रा सुरू होतात, आणि जत्रेत रात्रभर दशावतार, म्हणजे पुराणातल्या गोष्टींचं लोकनाट्य. पालखीची प्रदक्षिणा झाली की देवळासमोर एक पडदा, एक बाकडं. बाजूला पेटी, मृदंग, झांज. बाकडं म्हणजेच सिंहासन, लागेल तेव्हा पर्वतही. छापील संहिता नसते. आख्यान आणि कोण कुठला पार्ट करणार एवढं आधी ठरतं, संवाद उभ्या उभ्या सुचतील तसे. लोक रंगले तर दोन राजे अर्धा अर्धा तास भांडतात. पेंगायला लागले की युद्ध लवकर लागतं.

मुख्य आख्यानाआधी संकासुर येतो. काळे कपडे, काळा बुरखा, लोंबती जीभ. ब्रह्मदेवाचे वेद चोरणारा हा राक्षस बोलतो मात्र गावच्या मालवणीत. तीन वर्षांपूर्वी जत्रेच्याच आठवड्यात माझी स्कूटर व्हाळात, म्हणजे ओढ्यात, गेली होती. संकासुर थेट माझ्यासमोर येऊन थांबला. "काय ओ मास्तरानू, गाडी व्हाळात न्हावक गेल्ली?" सगळा मांड वळून माझ्याकडे बघायला लागला. माझ्याही तोंडून निघून गेलं, "ब्रेक लागाक नाय!"

"ब्रेक नाय? मगे वेद घेवन पळाक तीच बरी!"

पुढे विष्णू आला तेव्हा संकासुर खरंच हँडल धरल्यासारखा पळाला, आणि त्या रात्री पुराणात माझी स्कूटर शिरली. (दुपारी चहाच्या टपरीवर संकासुराचा पार्ट करणारा शेजारी बसून सगळं ऐकत होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.)

भाच्याच्या गेमला मी नावं ठेवत नाही. त्यातली एक लढाई मी तासभर हरत होतो. पण त्यातले सगळे रस्ते कुणीतरी आधीच आखून ठेवलेले. मी व्हाळात पडलो काय, न पडलो काय, गेममधल्या राक्षसाला त्याचं काही नाही.

आणि जागं राहण्याचं म्हणाल, तर आमची आई खाजं खाता खाता मध्येच खुशाल आडवी होते. युद्धाचा मृदंग घुमला की उठून बसते आणि विचारते, "मेलो काय तो?" तिला गोष्ट पाठ आहे, चुकतं काहीच नाही. उलट मी एका रविवारी टक्क डोळ्यांनी सीरिजचे आठ भाग संपवले, आणि सोमवारी शाळेत नायकाचं नाव आठवेना.

यंदा या जत्रेला. चादर आणा. पुढे बसायचं असेल तर त्या आठवड्यात गाडी तेवढी जपून चालवा.