खारा वारा, काळी वाळू आणि माझा कॅमेरा : या हंगामाची नोंद

सामान जुनंच आहे. निकॉन डी५६००, ज्याला वेदर सीलिंग (धूळ-पाणी आत जाऊ न देणारी बंदिस्ती) नावालाही नाही, आणि दोन लेन्स : १८-५५ आणि ७०-३०० मिमी. झूम केलं की दोन्हींची नळी बाहेर येते, परत आत जाते आणि जाता-येता बाहेरची हवा आत ओढून घेते. किनाऱ्यावर त्या हवेत मीठ असतं. 'समुद्रावर जातोस तर सील्ड बॉडी घे' हा सल्ला येईल तो देतो. तूर्त खिसा परवानगी देत नाही, आणि सील्ड म्हणजे नेमकं किती, हेही कंपनीगणिक बदलतं. कॅननच्या १७-४० सारख्या चांगल्या सील्ड लेन्सलाही पुढे फिल्टर लावल्याशिवाय सीलिंग पुरं होत नाही, असं कंपनीच सांगते. तेव्हा या हंगामात कव्हरांवर पैसे घालण्याऐवजी वारा, भरती आणि वेळ सांभाळून काय फरक पडतो ते बघायचं ठरवलं. बराच पडतो.

नोव्हेंबर-डिसेंबर, आक्षी

अलिबागजवळचं आक्षी म्हणजे हिवाळ्यात कुरव, सुरय आणि चिखल्या या पक्ष्यांचं हक्काचं ठिकाण. किनारा सपाट, ओहोटीला पाणी लांबवर जातं. सकाळी पक्षी, दुपारी जेवण, संध्याकाळी सूर्यास्त, असा सगळ्यांचा ठरलेला कार्यक्रम. इथे एक सोपा प्रयोग केला. ५८ मिमीचे दोन सारखे क्लिअर फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावायच्या साध्या काचा, घेतले. एक सकाळच्या सत्रात ७०-३०० वर लावला, दुसरा दुपारनंतरच्या. लेन्स दोन्ही वेळा समुद्राकडेच. रात्री खोलीवर दोन्ही फिल्टर तिरप्या टॉर्चखाली धरले. सकाळच्या काचेवर धुळीचे तुरळक कण होते. दुपारच्या काचेवर मात्र कडेपासून कडेपर्यंत धुरकट थर होता. बोट फिरवलं तर चिकट, जिभेला लावलं तर खारट. त्या दिवशी एकही लाट माझ्या जवळपास आली नव्हती.

कारण शाळेच्या भूगोलातच आहे. रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो मतलई वारा. ऊन तापलं की उलटा, समुद्रावरून येणारा खारा वारा सुरू होतो आणि फुटणाऱ्या लाटांचे बारीक तुषार घेऊन येतो. हिवाळ्यात सकाळी साधारण नऊ-दहापर्यंत मतलई टिकते. तेवढ्या वेळात कॅमेरा उघडा धरला तरी फारसं काही बसत नाही. दुपारनंतर मी आता फक्त १८-५५ बाहेर काढतो आणि तीही एका फोकल लेंग्थवर ठेवून, म्हणजे झूम न फिरवता. झूमची भूक पायांनी भागवायची.

मिठाचा खरा त्रास मात्र रात्री सुरू होतो. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी शोषून स्वतःच विरघळतं. कोकणात रात्री एवढी आर्द्रता नेहमीचीच. म्हणजे दुपारी कोरडा दिसणारा पांढरा थर रात्री खारट पाणी होऊन बटणांच्या फटीत, झूम रिंगखाली, हॉट शूच्या (फ्लॅश बसवायच्या खाचेच्या) पत्र्यात झिरपतो आणि दुसऱ्या दुपारी तिथेच वाळतो. 'घरी गेल्यावर रविवारी पुसू' म्हणणाऱ्यांच्या कॅमेऱ्याचं हेच होतं. पुसायचं ते त्याच संध्याकाळी.

जानेवारी, हर्णै

मासळीच्या लिलावाचे फोटो काढायचे म्हणून गेलो होतो, पण कामाची गोष्ट भेटली ती होडीशेजारी जाळं विणत बसलेल्या एका वयस्क तांडेलाकडून, म्हणजे होडीच्या प्रमुखाकडून. मोबाइलवर भरतीची वेळ शोधत होतो, रेंज नव्हती. त्यांना विचारलं, "काका, भरती किती वाजता?"

"आज तिथी कोणती?"

मला कुठली माहीत! त्यांनीच सांगितलं, "पंचमी. पाचाची पाऊणपट कर. पावणेचार. झाली भरती."

तिथीला पाऊणने गुणायचं, पूर्ण भरतीची वेळ मिळते. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते, म्हणून हा हिशेब जुळतो. मिनिटाला मिनिट लागत नाही, पण कॅमेऱ्याची पिशवी कुठे ठेवायची हे ठरवायला पुरेसा आहे. खोलीवर आल्यावर कालनिर्णय काढून बसलो. चतुर्थी ते षष्ठी, दोन्ही पंधरवड्यांत, माझ्या कामाच्या तिथी : भरती पहाटे तीन ते साडेचारच्या दरम्यान होऊन गेलेली, उजाडताना पाणी उतरत असतं आणि मतलई चालू असते. उतरत्या पाण्याचा आणखी एक फायदा. नुकती उघडी पडलेली वाळू ओली, घट्ट असते, ती उडत नाही. उडते ती वरची कोरडी वाळू, आणि क्वाड बाइक फिरणाऱ्या किनाऱ्यांवर तर विचारूच नका. एकादशीच्या आसपास सकाळी आठ-सव्वाआठला भरती, म्हणजे फोटो काढता काढता पाणी पाठीमागून येतं. अलिबागकडे भरती-ओहोटीतलं अंतर रत्नागिरीपेक्षा जास्त, त्यामुळे तिथे हे अधिक जपायचं.

पिशवी वाळूवर ठेवणं बंद केलंय. सुरूच्या झाडाला अडकवतो नाहीतर पुढे छातीशी घेतो. लेन्स बदलायचीच असेल तर सुरूच्या बनात मागे जाऊन, वाऱ्याकडे पाठ करून, बॉडीचं तोंड खाली ठेवून.

फेब्रुवारी, रत्नागिरी

मांडवीची वाळू काळी. गावात त्या किनाऱ्याला काळा समुद्र म्हणतात, पलीकडचा तो पांढरा समुद्र. या काळ्या वाळूत इल्मेनाइट हे खनिज असतं आणि चुंबकाला धावत जाऊन चिकटणारे मॅग्नेटाइटचे कणही. बरोबरच्या मित्राकडे चुंबकी फिल्टर होता, रिंग लेन्सवर आणि फिल्टर नुसता टेकवला की बसतो तसला. त्याने फिल्टर काढून रिंग वाळूपासून वीतभर उंचीवर धरली, वाऱ्याचा एक झोत आला, आणि रिंगच्या कडेला काळे कण दाढीच्या खुंटांसारखे उभे राहिले. ब्लोअरने (हवा मारायच्या रबरी फुग्याने) फुंकले तर उडत नाहीत, नुसते सरकतात. शेवटी चिकटपट्टीने एकेक उचलावे लागले. अशा वाळूत फिल्टर साधा आट्यांचाच बरा.

साध्या वाळूचंही थोडक्यात : वाळूतल्या क्वार्ट्झचा कठीणपणा मोहसच्या १ ते १० मापावर ७, लेन्सच्या काचेचा त्याहून कमी, आणि वरचं कोटिंग तर फारच नाजूक. म्हणून कापड सगळ्यात शेवटी. आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश. ब्लोअर स्वतंत्र झिप-लॉक पिशवीत ठेवा. वाळूत पडलेला ब्लोअर आधी वाळू ओढतो आणि मग तीच काचेवर मारतो.

मार्च, वेळास

ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून इथे घरटी जपायला सुरुवात केली, आता गावच कासव महोत्सव भरवतं. सकाळ-संध्याकाळ पिल्लं सोडतात, दोरीच्या आत जायचं नाही, फ्लॅश नाही. पिल्लू बोटभर उंचीचं, म्हणून सगळे वाळूवर पालथे पडतात आणि कॅमेरा कोपरांबरोबर वाळूत.

यासाठी या वेळी तवा नेला होता. घरातला टाकाऊ नॉनस्टिक तवा, काठ दोन बोटं उंच. दांडा कापला, मधोमध भोक पाडलं, खालून ३/८ इंची बोल्ट घातला आणि वर ट्रायपॉडचं बॉल हेड (कॅमेरा हवा तसा वळवून घट्ट करायचा गोल सांधा) फिरवलं. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट आट्यांना बरोबर बसतो. बोल्टचं डोकं खाली वाळूत घासू नये म्हणून तिथे चपटं डोकं आणि रुंद वॉशर. ओल्या वाळूवर तवा हलक्या हाताने सरकतो, रुततही नाही. काठामुळे वाळू आत येत नाही आणि लेन्स जमिनीपासून वीतभर वर राहते. स्क्रीन उघडून वरून बघता येतं, पालथं पडायचीही गरज नाही. डीएसएलआरचा लाइव्ह व्ह्यू फोकसला जरा आळशी आहे, पण कासवाचं पिल्लू त्याहून घाईत नसतं. गावातल्या एका आजींनी तवा उचलून बघितला आणि विचारलं, "यात भाजता काय?"

बाष्पाचं

पुण्याहून ताम्हिणीमार्गे गाडीतला एसी लावून गेलात आणि किनाऱ्यावर उतरताच कॅमेरा काढलात, तर काच पांढरी होणारच. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर साधारण २६ अंशांखालच्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरतं. गाडीत २२-२३ ला ठेवलेला कॅमेरा म्हणजे आमंत्रणच. शेवटचा अर्धा तास एसी बंद, खिडक्याही बंद, कॅमेरा पिशवीतच. मुक्कामाच्या खोलीतही एसीसमोर ठेवू नका. याच कारणासाठी प्लास्टिकच्या पिशवीचं घरगुती कव्हर मी लाटांजवळ असेपर्यंतच वापरतो. उन्हात ते घालून हिंडलं की आत घाम धरतो.

संध्याकाळचं पुसणं

सध्याचा क्रम हा. फुंकणं, ब्रश, मग डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओलं केलेलं मायक्रोफायबर. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच पाणी, कुठेही मिळतं. बोअरचं पाणी नको, त्याचे स्वतःचेच डाग पडतात. लेन्स क्लीनरने सुरुवात करणाऱ्यांना एकच सांगणं : बहुतेक क्लीनरमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं आणि मीठ त्यात जवळजवळ विरघळत नाही. थर नुसता इकडून तिकडे पसरतो. आधी पाणी, मग क्लीनर. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून, लॉक सैल करून गोड्या पाण्याच्या बादलीत. किनाऱ्यावर असताना सगळ्यात खालचा बारीक भाग आधी बाहेर काढायचा, म्हणजे सांधे पाण्याच्या वर राहतात.

आणि समुद्राचं पाणी आत गेलंच, तर बॅटरी तत्काळ बाहेर, चालू करून बघायचं नाही, सरळ दुरुस्तीवाल्याकडे. तांदळाच्या डब्यात ठेवून पाणी गेलं तरी मीठ आतच राहतं.

हंगाम संपत आला. सिलिका जेल कढईत भाजून परत निळं केलंय, डब्यातला आर्द्रतामापक ४५ वर स्थिर आहे. पुढच्या खेपेला तव्याची आवृत्ती दुसरी करायची आहे : बॉल हेडऐवजी छोटं गिंबल (जड लेन्स तोलून धरणारं हेड), आणि तवा दोन इंच मोठा. कोणी असं काही केलं असेल तर बोल्टची लांबी किती घेतली ते सांगा. माझा बोल्ट हेडमध्ये दोन आटे कमी पडतोय.