पोटात आलेला खांब

इंग्लंडमधल्या सॉल्झबरीचं कॅथेड्रल, म्हणजे तिथलं मोठं चर्च, आमच्या सहलीत स्टोनहेंजनंतर येतं. तोवर मंडळी दमलेली असतात, दोन फोटो काढून बसकडे वळायच्या बेतात. त्या खेपेला ग्रुपमध्ये साताऱ्याकडचे एक काका होते; आयुष्यभर वाडे, विहिरी, देवळांच्या जीर्णोद्धाराची कंत्राटं घेतलेले. सगळे रंगीत काचा बघत असताना काका मधोमध, मनोरा पेलणाऱ्या चार खांबांपाशी थांबले. एक डोळा मिटून नजर खालून वर नेली आणि मला हाक मारली.

"ताई, हा खांब पोटात आलाय."

खरंच आलाय, म्हणजे वजनाने वाकलाय. साध्या डोळ्यांना दिसतो. १२२० साली काम सुरू झालं आणि १२५८ पर्यंत मुख्य इमारत उभी राहिली, तेव्हा मनोरा बुटका होता. पुढे चौदाव्या शतकात त्यावर मजले चढले, वर दगडी शिखर आलं. जमिनीपासून १२३ मीटर! सुमारे साडेसहा हजार टनांचा हा भार खांबांच्या हिशोबात मुळात नव्हताच.

"पाया किती खोल?"

"चार फूट, काका."

"चार फुटांवर आम्ही गोठा उठवत नाही!"

मग मी खालच्या वाळू-गोट्यांच्या थराबद्दल सांगितलं. तो थर पाण्याने कायम ओला असतो, म्हणून घट्ट बसलेला राहतो. फरशीतलं एक झाकण उचलून, आत काठी बुडवून पाणी किती आहे ते आजही तपासतात. काका एकदम गंभीर झाले. "म्हणजे विहिरीगत. पाणी आटलं की सगळं हललं." इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं.

१६६८ साली प्रसिद्ध इंग्रज वास्तुविशारद क्रिस्टोफर रेन यांनी इथे पाहणी केली, तेव्हा शिखर पाऊण मीटरभर नैर्ऋत्येला कललेलं आढळलं. खालच्या फरशीत त्याची पितळी खूण आहे. काका तिथे उभे राहून मान दुखेपर्यंत वर बघत होते. खांबांमधल्या, नंतर घातलेल्या आडव्या कमानी त्यांनी न सांगता ओळखल्या: "हा धिरा दिलाय."

मॅग्ना कार्टाची, म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या सनदेची, १२१५ची प्रत बघायला निघालेली मंडळी काकांनी परत बोलावली. दहा-बाराजण एक डोळा मिटून खांबांपुढे उभे! बस अर्धा तास उशिरा सुटली. पुढच्या सहलीपासून तिथला वेळ मी ऑफिसकडून वाढवून घेतला, आणि आता सुरुवात खांबांपासूनच करते.