माकणीचे धरण आणि 30 सप्टेंबरची पहाट

माझे काका म्हणतात की 1993 चा किल्लारीचा भूकंप माकणीच्या धरणाने आणला. मी म्हणतो की हे सिद्ध झालेले नाही. आमच्या घरातला हा वाद तीस वर्षांहून जुना आहे. दरवर्षी गणपती उठले की तो पुन्हा निघतो, कारण त्या वर्षीही अनंत चतुर्दशीच्या रात्री गावोगाव विसर्जन करून माणसे उशिरा झोपली होती आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. भूकंप 6.2 तीव्रतेचा होता. मृतांचा अधिकृत आकडा 7,928 आहे, आमच्या भागात मात्र अजूनही दहा हजारच म्हणतात. त्यांत माझी चुलती आणि दोन चुलत भावंडे होती. मी त्या वेळी लातूरला वसतिगृहात होतो.

काकांचे म्हणणे मी कधीच हसण्यावारी नेलेले नाही. निम्न तेरणा प्रकल्पाच्या, म्हणजे तेरणा नदीवरच्या याच माकणीच्या धरणाच्या, बुडीत क्षेत्रात त्यांची काळी जमीन गेली. मावेजा उशिरा मिळाला आणि मिळाला तोही अपुरा. भूकंपाच्या आधीच्या काही वर्षांतच धरणात पाणी साठू लागले होते आणि किल्लारी तिथून जेमतेम दहा-बारा किलोमीटरवर आहे. ज्या पाण्याने शेत नेले त्यानेच घर नेले, असे ज्या माणसाला वाटते त्याच्याकडे पुरावा नसेल, पण कारणे पुष्कळ आहेत. शिवाय त्यांच्या म्हणण्याला शास्त्राचा आधारच नाही असेही नाही. किल्लारीनंतर भूगर्भशास्त्रज्ञांमध्येही हा वाद झाला आणि धरणाच्या पाण्याने चालना दिली असण्याची शक्यता काही अभ्यासकांनी गांभीर्याने लिहून मांडली.

त्यांच्यासमोर कोयनेचे उदाहरण होते. कोयनेचे धरण 103 मीटर उंचीचे आणि शंभर टीएमसीहून अधिक साठ्याचे. 1960 नंतर शिवाजीसागरात पाणी साठू लागले, तसे त्या डोंगरात हादरे सुरू झाले आणि 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 तीव्रतेचा भूकंप होऊन सुमारे 180 माणसे गेली. दख्खनचे पठार अचल आहे अशी तोवर समजूत होती, त्यामुळे धरणाचा आणि भूकंपाचा संबंध मान्य करायला तेव्हाही अनेक जाणकार तयार नव्हते. हा संबंध आज जगभर मानला जातो तो कोणी मोठ्याने सांगितला म्हणून नव्हे. धरणाभोवती भूकंपमापक यंत्रे होती, त्यांनी वर्षानुवर्षे हजारो लहान हादरे नोंदवले, आणि पावसाळ्यात पाणी चढते व पुढे उतरते त्या चक्राशी हादऱ्यांचे चढउतार ताडून पाहता आले. तिथे गोठणे येथे तीन किलोमीटर खोल छिद्रही घेतले गेले आहे. अजूनही त्या खडकाला प्रश्न विचारणे चालू आहे.

पाणी खडकाला हलवते कसे, हे मी काकांना अनेकदा समजावले आहे, आणि मला वाटते की आमच्या वादातला हाच सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. भारताचा भूपट्ट उत्तरेकडे वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर सरकतो आणि हिमालयाशी अडतो. तो रेटा केवळ हिमालयातच राहत नाही, पठाराच्या पोटातल्या जुन्या भेगांनाही तो दाबत राहतो. भेगेच्या दोन्ही बाजू घर्षणाने एकमेकींना धरून असतात. धरणाचे पाणी झिरपत खोल गेले की भेगेतल्या पाण्याचा दाब वाढतो, ती पकड सैल होते आणि शतकानुशतके साठलेला ताण एकदम मोकळा होतो. म्हणजे भूकंपाची ताकद धरणाची नसते, धरणाचे काम झाले असेल तर ते खटका ओढण्यापुरते असते. म्हणून ‘भूकंप कोणी केला’ आणि ‘तो याच वर्षी का झाला’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. काका पहिला विचारतात, मी दुसऱ्याचे उत्तर देतो, आणि आम्ही एकमेकांवर चिडतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. किल्लारीजवळ जमिनीवर जी भेग उमटली होती तिच्या परिसरात पुढे छिद्रे घेण्यात आली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने घेतलेले एक छिद्र 617 मीटर खोल गेले. 338 मीटरपर्यंत काळा पाषाण, त्याखाली आठेक मीटर गाळाचा थर, आणि त्याखाली अतिप्राचीन खडक असा तो क्रम होता. भेगेच्या दोन बाजूंना पाषाणाचे थर एकमेकांपासून काही मीटर सरकलेले आढळले. 1993 मध्ये जमीन तिथे मीटरभरही उचलली गेली नव्हती. मग उरलेले सरकणे कधी झाले? आधीच्या भूकंपांमध्ये, असेच त्याचे सरळ उत्तर येते. किल्लारीची भेग नवीनच पडली असावी असे मानणारेही अभ्यासक होते, परंतु मला जुन्या भेगेची बाजू अधिक पटते.

ती पटण्यामागे तेरचाही वाटा आहे. किल्लारी ज्या तेरणेच्या काठी आहे, तिच्याच काठी वरच्या अंगाला तेर आहे. गोरोबाकाकांचे तेर, आणि त्याही आधी रोमशी व्यापार करणारे तगर. भूकंपानंतर सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन या शास्त्रज्ञांनी तिथल्या जुन्या थरांचा अभ्यास केला आणि सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका मोठ्या भूकंपाच्या खुणा तिथे दिसतात असे मांडले. आषाढीला पंढरपूरला जाणारी आमच्याकडची माणसे पिढ्यान् पिढ्या या मातीवरून चालत गेली, आणि तिच्या पोटात एका विसरलेल्या पहाटेची नोंद होती, हे प्रथम वाचले तेव्हा मी बराच वेळ काहीही बोलू शकलो नव्हतो. दीड हजार वर्षांपूर्वी तेरणेवर माकणीचे धरण नव्हते.

दुसरा प्रश्न मात्र मी बंद करू शकत नाही, आणि तो बंद झाला आहे असे सांगणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लोकांवर माझा विश्वास नाही. माकणीचे धरण सपाट प्रदेशातले मातीचे धरण आहे. त्याच्या पाण्याची खोली कोयनेच्या तुलनेत अगदी कमी, त्यामुळे त्याचा परिणाम दहा-बारा किलोमीटर अंतरावरच्या भेगेवर व्हावा हे अवघड वाटते. अवघड असले तरी अशक्य नाही, कारण भेग तुटण्याच्या अगदी बेताला आली असेल तर थोडासा दाबही पुरतो. याचा निकाल नोंदींवरून लागला असता, आणि कोयनेसारखे यंत्रांचे दाट जाळे किल्लारीभोवती नव्हते.

मला खरा राग येतो तो इथे. 1992 च्या ऑगस्टपासून किल्लारी परिसरात हादरे बसत होते, जमिनीतून गडगडल्यासारखे आवाज येत होते. ऑक्टोबरमध्ये हादरे इतके वाढले की आमच्या गावची माणसे थंडी सुरू झाली तरी अंगणात आणि शेतात झोपत होती. मग हादरे थांबले आणि माणसे घरात परतली. त्या महिन्यांत गावोगाव पुरेशी यंत्रे बसवून प्रत्येक हादऱ्याची जागा, खोली आणि धरणातली त्या दिवसाची पातळी शेजारी शेजारी मांडली असती, तर भूकंप टळला नसता, त्याचे भाकीतही करता आले नसते. पण काकांच्या प्रश्नाला आज उत्तर असते. त्या काळच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या भूकंपक्षेत्रात रंगवलेला होता. तो तिसऱ्या क्षेत्रात गेला 2002 साली.

नोंदी नसल्या की तिथे बाजू उभ्या राहतात. मोठ्या धरणांना विरोध करणाऱ्यांनी किल्लारीला आपला पुरावा मानले. सिंचन मागणाऱ्यांनी, ज्यांत दुष्काळाने पिचलेला आमचा सगळा जिल्हा येतो, हा प्रश्न विचारणेच विकासाच्या आड येणारे ठरवले. मी दोन्ही प्रकारच्या सभांना गेलो आहे. दोन्हीकडे वक्त्यांनी आधी निष्कर्ष सांगितला आणि मग मृतांचा आकडा सांगितला. मी महाविद्यालयात भूगोल शिकवतो आणि मुले हा प्रश्न दरवर्षी विचारतात. माझे उत्तर ऐकून त्यांची निराशा होते हे मला दिसते, तरीही मी ते बदललेले नाही.

या सगळ्या वादात एक गोष्ट मात्र वादाची नाही, आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. माणसे भिंतींखाली मेली. आमचा वाडा दगड-मातीचा होता, भिंती अडीच-तीन फूट रुंद. बाहेरचा आणि आतला थर ओबडधोबड दगडांचा, मध्ये माती आणि बारीक दगड, आणि दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आडवा लांब दगड क्वचितच. वर माळवद. मिरगाच्या आधी गळती बंद व्हावी म्हणून त्यावर दरवर्षी पांढरी माती टाकायची, आणि अशा कित्येक वर्षांच्या मातीचा थर फूट-दोन फूट झालेला असायचा. उन्हाळ्यात ते घर गार राहत असे, त्या गारव्याची किंमत आम्हाला ठाऊक नव्हती. भूकंपात भिंतींचे दोन थर वेगळे होऊन ढासळले आणि ती सगळी माती झोपलेल्या माणसांवर आली. जिथे खणांची लाकडी चौकट, खांब आणि तुळया पक्क्या सांधलेल्या होत्या, तिथे अनेक ठिकाणी भिंती पडूनही चौकट उभी राहिली. गवताच्या आणि पत्र्याच्या छपरांत राहणारी कितीतरी माणसे वाचली. गावातल्या मोठ्या वाड्यांतून मात्र प्रेते निघत होती, आणि वरून पाऊस लागला होता.

याच तीव्रतेचे भूकंप इतर देशांत होतात आणि बोटांवर मोजण्याइतकी माणसे जातात. म्हणून धरणाचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, तरी तो पहिला वाटत नाही. पुनर्वसनाच्या गावांत आता सरकारने बांधलेल्या घरांवर लोक आपापल्या हिशेबाने दुसरा मजला चढवत आहेत, ते पाहिले की मला 1992 चे ते शांत झालेले महिने आठवतात.

काकांशी हे मी पहिल्यांदा बोललो तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे चूक आमच्या वाडवडलांची?” मी नाही म्हणालो. ज्यांना कोणी सांगितलेच नाही की इथे जमीन हलू शकते, त्यांची ती चूक कशी होईल? त्या दिवशी आम्ही पुढे बोललो नाही.

10 जुलै 2024 च्या सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचा भूकंप झाला. मार्चमध्येही तिथे तेवढाच झाला होता. माझी चुलत बहीण, त्या रात्री वाचलेली काकांची एकुलती लेक, तिकडेच वसमत तालुक्यात दिलेली आहे. तिच्या आधी काकांचा फोन मला आला.

“तिथं बी जवळ धरण हाय का रं?”

“आहे काका. पूर्णेवर येलदरी आहे, सिद्धेश्वर आहे. पण त्यावरून काही सांगता येत नाही.”

“ते ऱ्हाऊ दे. तिच्या पत्र्यावर दगडं ठिवल्यात वाऱ्यासाठी. ती काढाय सांग आदी.”

मी बहिणीला फोन लावला. दगड जावयांनी मार्चमध्येच उतरवले होते.