हापसा बसवला, पाणी तपासले नाही

ग्रामविकासाच्या योजनांविषयी वाचताना बांगलादेशातील हापशांच्या हकिकतीपाशी मी पुन्हा पुन्हा थांबते. 1970 च्या दशकात तेथील सरकारने युनिसेफच्या मदतीने गावोगावी कूपनलिका खोदण्यास चालना दिली. त्यामागची गरज खरी होती, कारण तळ्यांचे दूषित पाणी पिऊन पटकी आणि अतिसाराने असंख्य मुले दगावत होती. लोकांना हापसा इतका पटला की पुढे बहुतेक कूपनलिका कुटुंबांनी स्वतःच्या पैशाने खोदल्या.

त्या पाण्यात सोमल, म्हणजेच आर्सेनिक, आहे का, हे मात्र कोणी पाहिले नाही. हिमालयातून वाहत आलेल्या गाळात लोहाच्या संयुगांना आर्सेनिक चिकटलेले असते आणि प्राणवायू नसलेल्या थरांत ती संयुगे विरघळली की ते पाण्यात उतरते. त्याला रंग नाही, चव नाही, पाणी उकळूनही ते जात नाही, आणि तळहात-तळपायांची कातडी खडबडीत होईपर्यंत अनेक वर्षे उलटून जातात. कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांनी पश्चिम बंगालमधील रुग्णांत ही विषबाधा 1983 मध्ये ओळखली. सीमेपलीकडे चपाई नवाबगंज येथील पाण्याबाबत खात्री व्हायला 1993 उजाडले. ही दहा वर्षे मला फार अस्वस्थ करतात, कारण दोन्हीकडचा गाळ एकाच नद्यांनी आणलेला होता. किती हापसे बसले याची मोजदाद होत राहिली, पण बसलेल्या हापशाकडे परत जाऊन पाणी तपासणे हे कोणाचेच काम नव्हते. आपल्याकडे यवतमाळ-चंद्रपूर भागात विंधन विहिरींच्या पाण्यातील फ्लोराइडने दात आणि हाडे खराब झालेली माणसे आहेत, म्हणून ही हकिकत मला परकी वाटत नाही.

पुढे सुमारे 50 लाख हापसे तपासून धोक्याच्या हापशांना लाल आणि उरलेल्यांना हिरवा रंग देण्यात आला. हिरव्या रंगासाठीची मर्यादा लिटरमागे 50 मायक्रोग्रॅम होती. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस 10 ची आहे. तरीही या साध्या रंगाचा मोठा उपयोग झाला, कारण लाल हापशापासून काही पावलांवर हिरवा सापडत असे आणि अनेक कुटुंबे तेथून पाणी आणू लागली. अर्थात रोज दुसऱ्याच्या अंगणात हंडा घेऊन जाण्याचा संकोच बायकांच्याच वाट्याला आला. काही वर्षांत तो रंगही उडाला, आणि नंतर खोदलेल्या कितीतरी कूपनलिकांना कोणताच रंग मिळाला नाही.