गुरूचा आवाज ऐकण्यासाठी आधी झटका मशीन बंद करावी लागली

घाटंजी तालुक्यात माझं मोटर भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान आहे. 2020 च्या उन्हाळ्यात लॉकडाऊनमुळे ते बंद होतं, आणि मला एकच ध्यास लागला: गुरू आणि त्याचा चंद्र आयो मिळून जी वीज तयार करतात, तिचा आवाज ऐकायचा.

मोटर भरणाऱ्याला ही गोष्ट लवकर कळते. चुंबकापुढे तार हलली की वीज तयार होते. गुरू 9 तास 55 मिनिटांत स्वतःभोवती फिरतो आणि त्याचं चुंबकीय क्षेत्रही सोबत फिरतं. आयोला मात्र एका फेरीला साडेबेचाळीस तास लागतात. त्यामुळे ते क्षेत्र सेकंदाला 57 किलोमीटर वेगानं आयोला मागे टाकत जातं. आयोच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे 4 लाख व्होल्ट! तारेचं काम करतात ते विद्युतभारित कण. आयोचे ज्वालामुखी जे गंधक नि ऑक्सिजन ओकतात, त्यातला सेकंदाला साधारण एक टन माल अवकाशात निसटतो, त्याचेच हे कण. प्रवाह चुंबकीय रेषांवरून गुरूच्या ध्रुवांकडे धावतो आणि तिथले इलेक्ट्रॉन रेडिओलहरी सोडतात. बर्नार्ड बर्क आणि केनेथ फ्रँकलिन या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञांना गुरूच्या लहरी 1955 मध्ये सापडल्या. आयोचा हात त्यात आहे हे ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ बिग यांनी 1964 मध्ये दाखवलं.

अँटेना सोपी निघाली. मोटरची तांब्याची तार, साडेतीन मीटरचे दोन तुकडे, पूर्व-पश्चिम ताणलेले, दहा फुटी बांबूंवर. मधून डिशची केबल, आणि जुना शॉर्टवेव्ह रेडिओ 20.1 मेगाहर्ट्झवर.

आवाज आला तो टक... टक... टक. दर सेकंदाला एक. चार रात्री मी जोड तपासत बसलो. पाचव्या रात्री कळलं, शेजारच्या भुईमुगाला लावलेली झटका मशीन, म्हणजे डुकरं येऊ नयेत म्हणून कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारं यंत्र, बोलत होती.

"भाऊ, पहाटे चार ते साडेपाच मशीन बंद ठेवता का?"

"अन् डुकरं भुईमूग ठेवतीन काय?"

त्यांचं खरंच होतं. शेवटी बाबा म्हणाले, "मी राखतो." तेव्हापासून रोज पहाटे बाबा टॉर्च नि तेलाचा रिकामा पिपा घेऊन धुऱ्यावर फिरायचे आणि मी रेडिओला कान लावायचो. कधी कुणाचा एलईडी बल्ब कुरकुरायचा, कधी दूरच्या विजा कडाडायच्या. गुरू आणि आयो योग्य कोनात असतील त्याच पहाटे आशा असते. तसे दिवस मी वहीत आधीच मांडून ठेवले होते.

मे महिन्यातल्या एका पहाटे, चार पन्नासला, आवाज फुगला, ओसरला, पुन्हा फुगला. या आवाजाला सगळे समुद्राच्या लाटा म्हणतात. मी समुद्र पाहिलेला नाही. मला तो तुरीतून वारा सरकल्यासारखा वाटला. मधूनच टिनावर मूठभर दाणे फेकल्यासारखी तडतड. मी केबल काढली, आवाज गेला. लावली, परत आला. काटा थोडा सरकवला तरी होताच. म्हणजे कुठलं स्टेशन नव्हतं.

बाबांना हाक मारली. ते पिपा खाली ठेवून उकिडवे बसले, बराच वेळ ऐकत राहिले.

"आत्ता होऊन रायलं हे?"

"चाळीस मिनिटांआधी झालं बाबा. एवढ्या दुरून यायला तेवढा वेळ लागते."

त्यांनी रेडिओवरचा हात काढला नाही. अकरा मिनिटांनी आवाज विरला, आणि साडेपाचला मी शेजारची मशीन चालू करून आलो.