पावसातलं करंज

जुलैत सांगलीत कोणाला फोन करा, पहिला प्रश्न एकच: कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती? त्या दिवशी लॅबच्या दारातच ज्युनिअरने मला आकडा सांगितला, "ताई, तीस फूट." इशारा पातळी चाळीसची, म्हणजे नदीची काळजी अजून नव्हती. काळजी टेबलावर होती.

आदल्या संध्याकाळी सेपरेटिंग फनेलमध्ये, म्हणजे तळाला तोटी असलेल्या काचेच्या भांड्यात, ठेवलेल्या मिश्रणाचे सकाळी दोन थर दिसायला हवे होते. वर पिवळसर बायोडिझेल, खाली काळपट ग्लिसरीन. दिसत होती एक तपकिरी, घट्ट लापशी. फनेलची तोटी उघडली तर थेंब पडेना. याच आठवड्यातला हा तिसरा प्रयोग, आणि तिन्हींची गत हीच.

माझं काम करंजाच्या तेलापासून बायोडिझेल करण्याचं. तेलात मिथेनॉल आणि एखादा अल्कधर्मी उत्प्रेरक घालून साठ अंशांवर ढवळत ठेवलं, की तेलाचं एस्टर, म्हणजेच बायोडिझेल होतं आणि ग्लिसरीन सुटून तळाला बसतं. उत्प्रेरक म्हणून बरेच जण बाटलीतला पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरतात. मी केळीच्या खुंटांची राख वापरते. घड उतरवला की खुंट शेतकऱ्याच्या कामाचा नाही, तो तोडून बांधावर टाकतात. वाळव्याकडच्या एका बांधावरून मी असे खुंट पोत्यात भरून आणते. ते चिरायचे, वाळवायचे, जाळायचे, मग मफल फर्नेसमध्ये, म्हणजे लॅबच्या विजेच्या भट्टीत, सातशे अंशांवर तापवायचे. जी करडी-पांढरी राख उरते तिच्यात पोटॅशियम कार्बोनेट भरपूर असतं. आमच्या आजीने तेलकट कढई राखेने घासली तेव्हा नकळत हीच रसायनं हाताळली होती.

त्यामुळे संशय पहिला गेला तो राखेवरच. पोटॅशियम कार्बोनेट हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि सांगलीच्या पावसात उघडा पापड जिथे तासाभरात सादळतो तिथे राखेची काय कथा. सरही फोनवर म्हणाले, "राख सादळली असणार, पुन्हा तापव." पुन्हा तापवली, डेसिकेटरमध्ये, म्हणजे दमट हवा न लागणाऱ्या झाकणबंद भांड्यात, गार केली. तरीही मनाची खात्री होईना म्हणून थोडी राख पाण्यात कालवून हायड्रोक्लोरिक आम्लाने टायट्रेट केली, म्हणजे थेंबाथेंबाने आम्ल घालून तिला ते किती लागतं ते मोजलं. उन्हाळ्यातल्या राखेला जेवढं आम्ल लागलं होतं तेवढंच आताही लागलं, थेंब-दोन थेंब इकडेतिकडे. राख ठणठणीत होती. खरं सांगायचं तर मला वाईटच वाटलं, कारण दोषी सापडला असता तर दुपारी घरी जाता आलं असतं.

चौथा प्रयोग लावला. शंभर ग्रॅम तेल, सत्तावीस मिली मिथेनॉल, पाच ग्रॅम राख. राख टाकली आणि फ्लास्कमध्ये बारीक फेस आला, साबणाच्या पाण्यावर येतो तसा. तो फेस मी आधीच्या तिन्ही वेळांना पाहिला होता. मिथेनॉल उकळत असेल असं समजून आच कमी केली होती. या वेळी थर्मामीटरकडे नीट बघितलं. अठ्ठावन्न. मिथेनॉल उकळायला चौसष्ट-पासष्ट अंश लागतात. मग हे बुडबुडे कसले?

कार्बोनेटवर आम्ल पडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, हे शाळेत खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळून प्रत्येकाने पाहिलेलं असतं. माझ्या फ्लास्कमध्ये मी आम्ल घातलं नव्हतं. म्हणजे ते तेलातून आलं होतं.

तेलाचं आम्लमूल्य, म्हणजे त्यात आम्ल किती आहे त्याचा आकडा, मी ऑक्टोबरात काढलं होतं. या कॅनचं काढलंच नव्हतं. घाणा तोच, कॅन तसाच, मग कशाला? शिवाय ते बी. एस्सी.च्या पोरांचं काम, अशीही एक घमेंड होती. आता दोन ग्रॅम तेल अल्कोहोलमध्ये विरघळवलं, अल्कली वरचढ झाली की गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकले आणि अल्कली भरलेल्या ब्युरेटची, म्हणजे मापाच्या नळीची, तोटी सोडली. जुन्या तेलाला दीड मिली अल्कली पुरली होती. दीड गेले, तीन गेले, पाच गेले, गुलाबी रंगाचा पत्ता नाही. ज्युनिअर शेजारी येऊन उभी राहिली. दहाला रंग आल्यासारखा झाला आणि ढवळताच गेला. 13.2 मिलीला टिकला. आम्लमूल्य 37. म्हणजे तेलातला साधारण साडेअठरा टक्के भाग सुटी मेदाम्लं, तेल फुटून मोकळी झालेली आम्लं. पाच ग्रॅम राखेतली सगळी अल्कली त्यांनीच गिळली होती. बायोडिझेल व्हायला काही उरलंच नाही, झाला तो साबण.

मिरजेजवळच्या घाण्यावर फोन लावला. काकांनी आधी पाणी विचारलं, मग ऐकून घेतलं.

"आवं म्याडम, ह्ये बी पावसातलं हाय. झाडाखाली शेंगा पडून भिजल्या, मग बायकांनी येचल्या. जरा बुरसल्या हुत्या."

"मग सांगायचं ना, काका."

"तुमी कुठं इचारलं? मला वाटलं दिव्याला नायतर जनावरांच्या खरजंला पायजे. त्याला काय, कसलं बी चालतं."

त्यांचं खरं होतं. बी ओलं राहिलं की त्यातली एन्झाइम्स आणि बुरशी तेल फोडायला लागतात, मेदाम्लं सुटी होतात. शोधनिबंधात आम्ही एक ओळ बिनदिक्कत लिहितो, "करंजाचे तेल स्थानिक बाजारातून विकत घेतले". बाजारात ते आलं कुठून, बी कधी वेचलं, कुठे वाळवलं, याबद्दल त्या ओळीत अवाक्षर नसतं. माझ्या दोन शोधनिबंधांतही ती ओळ आहे.

उपाय पुस्तकातलाच होता. आधी सल्फ्युरिक आम्लाच्या साथीने मिथेनॉल घालून सुटी मेदाम्लं एस्टरमध्ये बदलायची, थर वेगळा करून तेल धुवायचं, मगच राख. त्याला अडीच दिवस लागले आणि पाचव्या फनेलमध्ये थर पडले. फुकटच्या राखेचा सगळा डामडौल त्या आम्लाच्या बाटलीपाशी थोडा उतरला, हे मात्र कबूल करायला हवं.

शनिवारी काकांचा फोन. तेल परत घेतो, उन्हाळ्याचं बी निघालं की बदलून देतो. मी नको म्हटलं, वर त्याच बियाचं आणखी पाच लिटर मागितलं. गावाकडे कोणी खरोखर हे करायला बसला, तर त्याच्याकडे भिजलेलंच बी जास्त असणार. काका क्षणभर गप्प झाले.

"म्हंजी वाईट तेलच पायजे?"

"हो. आणि पोत्यावर लिहून ठेवा, कधी वेचलं ते."

सोमवारी कॅन आला. झाकणाला दोऱ्याने कागदाचा चिटोरा बांधलेला, त्यावर बॉलपेनने: जून, पयला पाऊस झाल्यावर. खाली मी आम्लमूल्य लिहिलं. 41.