आमची वाटचाल: अंडं खायचं की ठेवायचं?

ईस्टरची अंडी घरच्या घरी सजवण्याचं साहित्य आम्ही बनवतो. उद्योग छोटा आहे: मी, माझ्या थोरल्या जाऊबाई आणि हंगामात मदतीला येणाऱ्या काही जणी. जाऊबाईंनी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, माझा हात चित्रकलेचा. आमच्या प्रत्येक डब्याच्या झाकणावर एकच प्रश्न ठळक छापलेला असतो: ‘हे अंडं खायचं आहे की ठेवायचं?’ आमच्या कामाला वळण लागलं ते या प्रश्नामुळे.

आधी आम्ही सजवलेली अंडी विकायचो. जाऊबाई आतलं अंडं काढून टरफल धुवायच्या, वाळवायच्या, मी रंगवायची. अंडी विकली जायची, पण घेणारा ती हातात धरून हमखास विचारायचा, ‘हे घरी मुलांना घेऊन करता येईल का?’ हा प्रश्न इतक्यांनी विचारला की आम्ही तयार अंडी बंद केली आणि साहित्याकडे वळलो. मला तो निर्णय आजही फार योग्य वाटतो. विकतचं अंडं कपाटात जातं, रंगवायच्या अंड्याभोवती मात्र सगळं घर बसतं. ही कलाही काही दुकानात जन्मली नाही. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मध्ययुगीन युरोपात अंडी वर्ज्य असत, कोंबड्या मात्र घालतच राहायच्या. साठलेली अंडी सणाला बाहेर निघत, तीच रंगवली जात. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या 1290 सालच्या हिशोबात सजवून वाटण्यासाठी 450 अंड्यांची नोंद आहे, काहींना तर सोन्याचा वर्ख लावलेला. राजाकडे वर्ख होता, साध्या घरात कांद्याची सालं होती, आणि खरं सांगायचं तर सालींचा रंग मला वर्खापेक्षा जास्त आवडतो.

पहिला डबा काढायच्या आधी जाऊबाईंनी मला थांबवलं. त्यांचं म्हणणं असं की उकडलेलं अंडं आणि रिकामं टरफल या दोन वेगळ्या वस्तू आहेत, त्यांना एका डब्यात कोंबायचं नाही. उकडलेल्या अंड्याला जे लावू ते पोटात जाऊ शकतं, कारण टरफलाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. त्यामुळे तिथे खाद्यरंग आणि स्वयंपाकघरातल्या वस्तू, बाकी काही नाही. गोंद, वॉर्निश, मेणकामाचे कापडी रंग, चमकी हे सगळं फक्त रिकाम्या टरफलावर. तेव्हापासून आमचे डबे दोन प्रकारचे आहेत. बाजारात दोन्हींचं मिश्रण असलेले संच दिसतात आणि ते आकर्षकही असतात, पण आम्ही तसा संच काढणार नाही.

खाण्याचा डबा जाऊबाईंचा. त्यात त्यांनी माहितीपत्रक घातलं आणि त्या पत्रकानंच आम्हाला गिऱ्हाईक मिळवून दिलं असं मी मानते. टरफल म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, त्यावर प्रथिनांचा अगदी पातळ पापुद्रा. पाण्यात व्हिनेगर घातलं की खाद्यरंग त्या पापुद्र्याला घट्ट धरतो. अर्धा कप उकळतं पाणी, एक चहाचा चमचा व्हिनेगर, दहा ते वीस थेंब रंग, आणि अंडं पाच मिनिटं आत. टरफलावर बारीक बुडबुडे दिसतात तो कार्बन डायऑक्साइड. व्हिनेगर टरफल विरघळवत असतं, म्हणून रंग गडद करायला व्हिनेगर वाढवू नये. पापुद्रा सुटतो आणि अंड्यावर पांढुरके डाग उठतात. गडद हवं असेल तर रंग वाढवा, वेळ वाढवा. आणि अंडं आधी साबणाच्या पाण्यानं हलकेच पुसून घ्या, कारण बोटांचा तेलकटपणा राहिला की तिथे रंग बसत नाही. ‘रंग धरत नाही’ अशी विचारणा येते तेव्हा बहुतेकदा कारण हेच निघतं.

वनस्पतींचे रंग हा माझा जिव्हाळ्याचा विषय. हळदीनं पिवळा येतो, बिटानं गुलाबी, कांद्याच्या सालींनी फिकट नारिंगीपासून गडद तांबूस तपकिरीपर्यंत सगळ्या छटा. पण मुलं थक्क होतात ती जांभळ्या कोबीवर. कोबी चिरून उकळायचा, गाळायचा, व्हिनेगर घालायचं. पाणी गुलाबी दिसतं आणि त्यातून अंडं निघतं निळं! कोबीतला अँथोसायनिन हा रंग आम्लात गुलाबी आणि अल्कलीकडे झुकला की निळा होतो. टरफलाचं कॅल्शियम कार्बोनेट आम्ल मारून टाकतं, त्यामुळे टरफलाला चिकटलेला रंग निळा पडतो. हेच अंडं आधी हळदीत रंगवलेलं असेल तर हिरवं होतं. या रंगांना घाई चालत नाही. उकडून गार झालेलं अंडं रंगासकट रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं की निळा खरा खुलतो.

पानाचा ठसा मी प्रत्येकाला करायला लावते. कातरलेल्या कडांचं खाण्याजोगं पान, कोथिंबिरीचंही चालतं, ओलं करून अंड्यावर चिकटवायचं, जुन्या पायमोज्याच्या पातळ नायलॉनमध्ये अंडं ताणून बांधायचं आणि कांद्याच्या सालींच्या पाण्यात उकळायचं. सोडल्यावर तांबूस अंड्यावर पानाची शीर न् शीर उमटते. बांधणी ढिली असेल तर रंग पानाखाली शिरतो, एवढंच काय ते कौशल्य. खाण्याच्या अंड्यांबाबत पत्रकावर शेवटची सूचना चौकटीत आहे: उकडलेलं अंडं फ्रिजबाहेर एकूण दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि आठवड्याच्या आत खाऊन संपवा. अंडी लपवून मुलांनी शोधायच्या खेळात ती बागेत पडून राहणार असतील तर खेळाला रिकामी टरफलं वापरा.

ठेवण्याच्या डब्यात रबराचा छोटा पंप असतो. पूर्वी सगळे तोंडानं फुंकायचे, पण साल्मोनेलाच्या जंतूंमुळे कच्च्या अंड्याला तोंड लावणं जाऊबाईंना मान्य नव्हतं. दोन्ही टोकांना सुईनं भोक पाडायचं, खालचं थोडं मोठं, तारेनं आत बलक मोडायचा आणि वरून हवा द्यायची. मग पाणी आणि थोडं व्हिनेगर आत खेळवून धुवायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. निघालेलं अंडं ताजं असेल तर शिजवून खाता येतं, वाया काही जात नाही. रिकामं टरफल रंगात तरंगतं, हे नव्या माणसाला माहीत नसतं. भोकं मेणानं बंद करून वर पाण्यानं भरलेली छोटी बरणी हळूच ठेवली की ते बुडून राहतं.

कागदाचं काम सर्वांत सोपं. छापील पेपर नॅपकिनचा फक्त वरचा पदर सोडवायचा, त्यातली फुलं कात्रीनं न कापता बोटांनी फाडायची आणि पाणी घालून पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदानं चिकटवायची. फाटलेली कड टरफलावर मिसळून जाते, कापलेली कड दिसत राहते. तुकडे लहानच घ्यावेत. गोल पृष्ठभागावर मोठ्या कागदाला सुरकुत्या पडणारच.

मेणकामाला मात्र मी मान देते. युक्रेनच्या पिसांका अंड्यांची पद्धत अशी: छोट्या धातूच्या नरसाळ्याला दांडी बसवलेली, तिला किस्तका म्हणतात. तीत मधमाश्यांचं मेण वितळवून पांढऱ्या टरफलावर रेषा ओढायच्या. त्या रेषा पांढऱ्या राहणार. मग अंडं पिवळ्यात, पुन्हा मेण, मग नारिंगी, मग लाल, शेवटी काळा. प्रत्येक वेळी झाकलेला रंग आत सुरक्षित. शेवटी अंडं ज्योतीच्या बाजूला धरून मेण पुसत जायचं. ज्योतीच्या वर धरलं तर काजळी बसते. सबंध काम उलट विचार करून करावं लागतं, आज झाकलं ते शेवटी दिसणार. युक्रेनमधल्या कोलोमिया शहरात या अंड्यांचं संग्रहालय 2000 साली सुरू झालं, आणि त्याच्या इमारतीचा एक भागच प्रचंड अंड्याच्या आकाराचा आहे. 2024 साली युक्रेन आणि एस्टोनियाच्या संयुक्त प्रस्तावावरून पिसांकाची परंपरा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. ती बातमी आली त्या दिवशी आमच्या कामाच्या खोलीत आनंद होता. आमच्या संचावर आम्ही पद्धतीचं आणि देशाचं नाव स्पष्ट छापतो. ज्यांची कला, त्यांचं नाव.

किस्तका हाताळायला लहान मुलांना अवघड जातं, म्हणून पूर्व जर्मनीतल्या सोर्ब लोकांची पद्धत आम्ही घेतली. ते पिसाचं टोक त्रिकोणी, चौकटी कापून मेणात बुडवतात आणि ठसे मारतात. सोबत टाचणीचं डोकं वापरतात. पेन्सिलीच्या खोडरबरात टाचणी खोचायची, वितळलेल्या मेणात बुडवायची, अंड्यावर टेकवून ओढायची, की थेंबाच्या आकाराची पाकळी तयार. अशा पाकळ्यांचं वर्तुळ म्हणजे सूर्य. मेणाजवळ मोठं माणूस हवंच, पण डिझाइन मुलाचं स्वतःचं असतं. आमचा सर्वाधिक खपणारा संच हाच.

धंद्याच्या बाजूनं पाहिलं तर खरी कसरत तारखेची. पाश्चात्त्य ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिलच्या दरम्यान कधीही येतो आणि पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चचा बहुधा वेगळा. 2024 मध्ये एक 31 मार्चला होता, दुसरा 5 मे रोजी, म्हणजे मागणीच्या दोन लाटा. 2025 मध्ये दोन्ही 20 एप्रिलला आले आणि सगळं एकदम पाठवावं लागलं. त्यामुळे मेण, पंप, छापील पत्रकं आम्ही हंगाम संपताच भरून ठेवतो, रंग मात्र ताजेच मागवतो.

सध्या चेक प्रजासत्ताकातल्या मोराव्हिया प्रांतातल्या हाना भागाच्या पद्धतीवर काम सुरू आहे. तिथे बार्लीचं काड भिजवून, उभं चिरून सपाट करतात, त्याचे बारीक चौकोन आणि पट्ट्या कापून गडद रंगाच्या टरफलावर चिकटवतात. लांबून सोन्याचं जडावकाम वाटतं. काड सपाट करून द्यावं आणि कापण्याचं काम घेणाऱ्यावर सोडावं असं माझं मत. जाऊबाई म्हणतात, काडही भिजवायलाच द्या, ते मऊ होताना मुलांना दिसलं पाहिजे. दोन्ही प्रकारचे नमुने जुन्या गिऱ्हाइकांकडे पाठवले आहेत. त्यांचं उत्तर आलं की डबा ठरेल, आणि झाकणावरच्या प्रश्नापुढे यावेळी ‘ठेवायचं’ यावर खूण असेल.